चार तासांवरची लेक

मिनिटकाकांच्या दुकानात पाऊल टाकलं की डोळ्यांआधी कान भरायचे. दुकान जेमतेम दोन माणसं समोरासमोर उभी राहतील एवढं. पण तिन्ही भिंतींवर वरपासून खालपर्यंत घड्याळं, आणि ती सगळी एकदम बोलणारी. दुपारी बारा वाजता टोल सुरू व्हायचे तेव्हा समोरचा न्हावी गिऱ्हाइकाच्या गालावरचा वस्तरा उचलून हातात धरून बसायचा. एकदा एक नवखं गिऱ्हाईक दचकलं होतं, तेव्हापासूनची त्याची ही खबरदारी. टोल संपले की पुन्हा वस्तरा गालावर.

काकांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण ती पाटी कोणी वाचायचंच नाही. "पाच मिनिटांत आलो" असं म्हणून जाणारा माणूस सात मिनिटांनी आला की काका त्याला शांतपणे विचारायचे, "दोन मिनिटं कुठे सांडली?" त्यावरून हे नाव पडलं आणि चिकटलं. पुढे त्यांच्या बायकोला सगळे मिनिटकाकू म्हणायला लागले, त्यात त्या बिचारीचा काही दोष नव्हता. काकूंनी उभ्या जन्मात मनगटाला घड्याळ बांधलं नाही. "माझं लग्नच घड्याळाशी लागलंय, आणखी कशाला?" असं त्या म्हणायच्या आणि काका ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

आता हे सांगून कोणाला पटायचं नाही. आता ज्याच्या त्याच्या खिशात अचूक वेळ असते आणि तरी जो तो उशिरा येतो. तेव्हा वेळ ही मिळवावी लागायची. काका रोज सकाळी दुकान उघडलं की आधी रेडिओ लावायचे, बातम्यांआधीचे ठोके ऐकायचे आणि एकेका घड्याळाचा काटा त्या ठोक्यांशी जुळवून घ्यायचे. दुरुस्त केलेलं घड्याळ ते त्याच दिवशी कधीच परत द्यायचे नाहीत. आठवडाभर ते बाकीच्यांच्या रांगेत टांगलेलं असायचं. गिऱ्हाईक वैतागायचं, "अहो, चालतंय ना ते?" काका डोळ्याला लावलेलं भिंग कपाळावर सरकवून म्हणायचे, "चालतंय. पण खरं चालतंय का ते बघतोय." त्यांचा सगळा धंदा आणि सगळं शहाणपण एका वाक्यात मावायचं. दोन घड्याळं दोन वेगळ्या वेळा दाखवत असली, तर त्यातलं एक नक्की खोटं बोलतंय. ते शोधायचं आणि त्याला वळणावर आणायचं. चाळीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नाही. आणि नेमकं याच वाक्याने त्यांना तोंडावर पाडलं.

काका-काकूंना एकच मुलगी. ती परिचारिका झाली, इथल्याच मोठ्या दवाखान्यात दोन वर्षं राबली, आणि एक दिवस घरी येऊन म्हणाली की तिला परदेशात, खूप लांबच्या एका शहरात नोकरी मिळतेय. काकांना अभिमान वाटला. काकूंनी मात्र हातातली वाटी खाली ठेवली आणि "नाही" म्हणाल्या. मग पंधरा दिवस त्या घरात "नाही" हा एकच शब्द चालला. लेकीने समजावलं, काकांनी समजावलं, शेजारच्या औषधाच्या दुकानाचा मालक काकांचा लंगोटीयार, त्यानेही "वहिनी, जग फार जवळ आलंय हो" असं म्हणून पाहिलं. काकू म्हणाल्या, "भाऊजी, जवळ आलंय तर मग नोकरी इथेच येऊ दे."

शेवटी तिकडच्या दवाखान्याने परस्पर तिकीटच पाठवून दिलं. लेक कामावर गेली होती. काकांनी ते तिकीट दिव्याखाली धरलं, सवयीने भिंग डोळ्याला लावलं आणि बारीक अक्षरं वाचली. विमान सकाळी आठला निघणार होतं आणि त्याच दिवशी दुपारी बाराला पोचणार होतं. काकांनी वजाबाकी केली. त्यात करायचं तरी काय होतं? बारातून आठ गेले, चार उरले.

"अगं ए," त्यांनी आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, "चार तास."

"काय चार तास?"

"विमानाला. आठला बसली की बाराला तिथे. मध्ये कुठे थांबणं नाही, उतरणं नाही."

काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. तिकिटाकडे त्यांनी नजरसुद्धा टाकली नाही. वेळेच्या बाबतीत नवऱ्याचा शब्द म्हणजे त्यांना पुरेसा होता. बाकी कुठल्याही बाबतीत त्या त्यांचं एक ऐकत नसत, ती गोष्ट वेगळी. त्या खुर्चीवर टेकल्या आणि मनाशी हिशेब करू लागल्या.

"माझं माहेर आगगाडीने सहा तासांवर," त्या म्हणाल्या. "म्हणजे ही माझ्या माहेरापेक्षा जवळच राहणार."

"जवळच की."

"मग मघापासून, एवढे दिवस, हे बोलला का नाहीत?"

अशा रीतीने परवानगी मिळाली. संध्याकाळी लेक घरी आली तेव्हा आई तिच्या कपड्यांची बॅग उघडून बसली होती आणि गुणगुणत होती.

निघायच्या दिवशी दोघं तिला सोडायला विमानतळावर गेली. आत सोडत नव्हते, त्यामुळे दारापाशीच निरोप झाला. काकू रडल्या, पण चार तासांच्या मानाने बेताने रडल्या. "उतरल्या उतरल्या फोन कर," असं तीनदा बजावलं. घरी फोन नव्हता, तो औषधाच्या दुकानात होता आणि गल्लीतल्या निम्म्या लोकांची सुखदुःखं त्याच काळ्या फोनवरून यायची. दोघं बस पकडून परत आली आणि साडेअकरापासूनच औषधाच्या दुकानातल्या बाकावर जाऊन बसली.

बारा वाजले. शेजारी काकांच्या दुकानातले टोल पडले, समोर वस्तरा थांबला, पुन्हा चालू झाला. फोन वाजला नाही. साडेबारा झाले. "सामान घ्यायला वेळ लागतो," औषधवाला म्हणाला. एक वाजला. कोणीतरी फोन करायला आलं, त्याला औषधवाल्याने बिघडलाय म्हणून वाटेला लावलं. दोन वाजले तेव्हा त्याने आणलेला चहा तसाच सायीखाली गार झाला होता. एरवी दर वाक्याला टोमणा मारणारा तो माणूस आता उगाच बाटल्या पुसत होता.

तीन वाजता काकांनी विमानतळाच्या चौकशीचा नंबर फिरवला. बऱ्याच वेळाने एका मुलीने उचललं. "विमान अगदी वेळेवर आहे," असं ती म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

"वेळेवर आहे म्हणतात," काका म्हणाले.

"मग पोचलं का नाही?" काकूंनी विचारलं.

काका उठले आणि आपल्या दुकानात गेले. त्यांनी रेडिओ लावला आणि ठोक्यांची वाट बघत उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपल्या घड्याळांचा संशय आला होता. सगळी घड्याळं पुढे धावत असतील, एकजात सगळी, असं काहीतरी होऊ दे, असं त्यांना मनापासून वाटत होतं. ठोके पडले. घड्याळं बरोबर होती. काका खाली मान घालून परत बाकावर येऊन बसले. काकूंचा हात थंडगार झाला होता. तो त्यांनी हातात घेतला, भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर. त्या दोघांनी असं कधी केल्याचं औषधवाल्याच्या आठवणीत नव्हतं.

दिवेलागण झाली. गल्लीत बातमी पसरली होती, त्यामुळे लोक दुकानासमोरून जाताना आवाज खाली करत होते. काकू फक्त एकदा म्हणाल्या, "मीच हो म्हटलं." काकांनी नजर जमिनीला लावली, कारण हो कोणाच्या हिशेबावर म्हटलं होतं ते त्यांना चांगलं ठाऊक होतं.

साडेआठ होऊन गेले होते, तेव्हा फोन वाजला. काकूंना उठताच येईना. काकांनी उचलला.

"बाबा, पोचले," लेकीचा आवाज अगदी खणखणीत होता. "बरोब्बर बाराला उतरलं विमान. सामान यायला जरा वेळ लागला."

काकांनी समोरच्या भिंतीवर पाहिलं. ते घड्याळ त्यांनीच महिन्याभरापूर्वी दुरुस्त करून दिलं होतं. ते खोटं बोलणारं घड्याळ नव्हतं.

"आत्ता," त्यांनी घसा साफ केला, "आत्ता तिथे किती वाजलेत?"

"पाऊण होईल. भर दुपार आहे. इतकं ऊन आहे ना बाबा इथे."

मग काकांना कळलं. एखादं घड्याळ तासन्तास उकलून बसावं आणि दोष मात्र आपल्याच भिंगावरच्या डागाचा निघावा, तसं झालं. दोन घड्याळं दोन वेगळ्या वेळा दाखवत होती आणि दोन्ही खरी होती. आठला निघालेलं विमान आठलाच उतरलं होतं. लहान काट्याची अख्खी फेरी पुरी झाली होती. चार नव्हे, बारा तास.

"बाबा, तुम्ही आईला चार तास सांगितलंत," लेक हळूच म्हणाली. "मला वाटलं, मुद्दामच सांगितलंत, तिने सोडावं म्हणून. म्हणून मी पण गप्प बसले. बरं केलंत."

"हं," काका म्हणाले. "हो. मुद्दामच."

काकूंनी फोन घेतला, रडल्या, हसल्या, जेवलीस का विचारलं. फोन ठेवल्यावर डोळे पुसत म्हणाल्या, "एवढा उशीर कसा झाला हो?"

औषधवाला भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता. त्याच्याही डोक्यात प्रकाश पडला होता. काकांनी त्याच्याकडे एकच कटाक्ष टाकला.

"निघायलाच उशीर झाला होता विमानाला," काका म्हणाले.

"पण ती बाई तर वेळेवर म्हणाली."

"ती नोकर बाई, पाठ केलेलं बोलणार."

काकूंना ते पटलं. त्या रात्री त्या गाढ झोपल्या.

दुसऱ्या दिवशी औषधवाल्याने घरून मुलांचा पृथ्वीचा गोल आणला. दुकानाचं दार ओढून घेऊन दोघा मित्रांनी त्यावर दोरा लावला. एक टोक इथल्या विमानतळावर, दुसरं तिकडच्या. दोरा गोलाच्या अंगावरून वळत वळत समुद्र, वाळवंटं, कोणकोणते देश ओलांडत गेला. तिकीट कचेरीत विचारलं तर दहा हजार किलोमीटरच्या वर सांगत होते. मग काकांनी उगाचच काकूंचं माहेर शोधलं. ते गोलावर नव्हतंच. हे घर आणि ते माहेर, मधली सहा तासांची आगगाडी, ती सगळी स्टेशनं, खिडकीत रडलेली नवी नवरी, सगळं एका टिंबात जात होतं.

"सांगून टाक वहिनींना," औषधवाला म्हणाला. "आज सांगितलंस तर हसतील. उद्या नाही हसणार."

"काल बघितलंस ना तिला?"

"बघितलं."

"मग? रोज तशी बसेल ती. नाहीतर पोरीला परत बोलावेल."

त्यात थोडी स्वतःची लाजही होती, हे खोटं कशाला बोला. मिनिटकाका वजाबाकीत चुकले, हे गल्लीला कळलं असतं तर न्हाव्याने बारा वाजता वस्तरा थांबवणंसुद्धा सोडून दिलं असतं. पण खरी भीती काकूंचीच होती. त्यांना लेकीशिवाय जगता यावं म्हणून ते चार तास हवे होते. काकांनी ठरवलं, की चार तर चार.

त्या आठवड्यात त्यांनी दुकानात गल्ल्याच्या वर एक वेगळं घड्याळ टांगलं आणि ते लेकीच्या वेळेवर लावलं. बाकी सगळी एक बोलायची, हे एकटंच आठ तास मागे. येणारा जाणारा टोकायचा, "काका, तुमच्याकडेही बंद पडतात वाटतं?" काका नुसतं म्हणायचे, "ते बरोबरच आहे." चाळीस वर्षांच्या वाक्याला त्यांनी स्वतःच्या हाताने खिळा ठोकला होता. काकू दुपारी तीनला चहा घेऊन यायच्या तेव्हा त्या घड्याळात सात वाजलेले असायचे. "उठली असेल आता," त्या म्हणायच्या. "केस विंचरत असेल." परदेशात घड्याळं मागे चालतात हे त्यांनी विनातक्रार मान्य केलं होतं, जशी तिकडे थंडी जास्त असते तशी. त्या घड्याळाचा आणि विमानाच्या तासांचा एकमेकांशी संबंध लावायचं त्यांच्या मनातच आलं नाही. दर दुपारी त्या त्याच्याकडे मान वर करून बघायच्या आणि दर दुपारी काका हातातलं काम थांबवायचे.

दोन वर्षांनी लेक सुट्टीला आली, तेव्हा मात्र पंचाईत झाली. तिकडून दुपारी दोनला निघालेलं विमान इथे दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला उतरलं. काकूंनी बोटांवर मोजलं.

"जाताना चार तास आणि येताना वीस?"

"येताना वारा तोंडावर असतो," काका म्हणाले. औषधवाला तिथेच होता. त्याला असा ठसका लागला की पाणी द्यावं लागलं.

काकू मात्र मान डोलावत राहिल्या. "असणारच. माहेरी येताना वाट सरतच नाही. मी यायची तेव्हासुद्धा गाडी हलायची नाही, आणि परत निघाले की कशी भराभर पळायची." लेक तोंडावर हात धरून आत पळाली. ती हसत होती की रडत होती, ते काकांनी बघायचं टाळलं. तेवढ्या सुट्टीत तिचं लग्नही ठरलं आणि झालंही. मुलगा तिच्याच दवाखान्यातला, तिच्याबरोबरच आलेला, अबोल आणि उंच. आधी त्याला बाजूला घेऊन सासऱ्याने पहिली गोष्ट कोणती सांगितली असेल, तर चार तासांची.

काकू आता सगळीकडे सांगायच्या, "काही लागलं-सवरलं तर चार तासांत दारात उभी राहील." या एका वाक्याच्या बळावर त्या लेकीविना हसत-बोलत होत्या, शेजारणींच्या बाळंतिणींना मदत करत होत्या, संध्याकाळी ओट्यावर बसत होत्या. त्या वाक्याला आधार कशाचा नाही, हे फक्त काकांना ठाऊक होतं. एकदा काका तापाने फणफणले. ताप उतरेना, डॉक्टर रोज यायला लागले. काकू उशाशी बसून म्हणाल्या, "बोलावू का तिला? सकाळी फोन केला तर संध्याकाळच्या आत येईल." काका डोळे मिटून पडले होते. मिटल्या डोळ्यांसमोर त्यांना तो दोरा दिसत होता. त्यांना लेक हवी होती. "नको," ते म्हणाले, "तिला रजा नसते." आणि कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं.

पाचव्या वर्षी लेकीला दिवस गेले. "आई, तू ये," ती फोनवर म्हणाली, आणि काकू तिथल्या तिथे "येते" म्हणाल्या. ना पासपोर्टाची भीती, ना विमानाची. चार तासांत काय होतंय? काका दुकान आणि घर सांभाळायला मागे राहणार होते. बाळंतपणात बापाचं काम तरी काय?

तिकीट हातात आलं, तेव्हा तेच विमान होतं. सकाळी आठला निघून दुपारी बाराला पोचणारं.

"आता तरी सांग," औषधवाला म्हणाला. "नाही सांगितलंस तर वर गेल्यावर पाचव्या तासाला वहिनी उठून उभ्या राहतील आणि दार उघडा म्हणतील."

काकांना हसू आलं नाही. त्यांनी कल्पना केली, की काकू एकट्या, खाली समुद्र, चार तास उलटून गेलेत आणि विमान उतरतच नाहीये. तो बाकावरचा दिवस त्या पुन्हा जगणार, आणि या खेपेला हात धरायला कोणी नसणार. सांगायला तर हवंच होतं. पण सांगितलं आणि त्या जायच्या राहिल्या तर? तिकडे पोटुशी पोर आईची वाट बघत होती. काकांनी पहिल्यांदा सांगायचा प्रयत्न केला तेव्हा काकू बाळाची दुपटी शिवत होत्या, आणि त्यांचा चेहरा बघून काकांनी सुईत दोरा ओवून दिला. दुसऱ्यांदा जेवताना तोंड उघडलं आणि मीठ मागितलं. तिसऱ्यांदा त्या झोपल्या होत्या. असं करता करता विमानतळाचं दार आलं.

उजाडत होतं. माणसं सामानाच्या गाड्या ढकलत आजूबाजूने जात होती. काकूंनी तिकीट हातात धरलं होतं आणि शेवटच्या सूचना चालल्या होत्या.

"दूधवाल्याला सांगितलंय. वरच्या फळीवर डबे आहेत. आणि रोज जेवा, नुसत्या चहावर राहू नका."

"अगं, थांब जरा," काका म्हणाले. "चार तास नाहीयेत."

"मग काय, पाच?"

"बारा."

काकांनी तिकिटावर बोट ठेवलं. हे आठ इथले, हे बारा तिथले. तिथे दुपारचे बारा वाजतात तेव्हा इथे रात्र झालेली असते. चूक त्यांची होती, वजाबाकी त्यांनीच केली होती. आवाज चढू नये म्हणून ते इतकं हळू बोलत होते, की काकूंना पुढे वाकावं लागलं.

"तुम्हाला कधी कळलं?"

"ती पोचली त्याच दिवशी. फोनवर."

काकूंनी तिकीट दुमडलं. पुन्हा उघडलं. काका घाईघाईने म्हणाले, "नको वाटत असेल तर नको जाऊस. मी समजावतो तिला. तिथे दवाखाना आहे, नवरा आहे, काही अडत नाही."

"म्हणजे एवढ्या लांब धाडली मी तिला," काकू म्हणाल्या. "गुणगुणत बॅग भरली तिची."

काकांनी काकूंच्या पायाशी ठेवलेली पिशवी उगाच सरळ करून ठेवली.

"चार तासांवर असती, तर तीच आली असती माझ्याकडे बाळंतपणाला," काकूंनी पिशवी खांद्याला लावली. "एवढी लांब आहे, म्हणजे मला जायलाच हवं."

त्या दारातून आत गेल्या. मागे वळून बघतील म्हणून काका टाचा उंचावून उभे राहिले. काकूंनी वळून बघितलं नाही.

परत येऊन त्यांनी दुकान उघडलं. रेडिओ लावायचा राहून गेला. एका मनगटी घड्याळाची पाठ उघडली आणि तशीच बंद करून ठेवली. बारा वाजता टोल पडले. ती अजून वर होती. तीनला चहा आला नाही, आणायला कोणी नव्हतं. ती अजून वरच होती. विमान उतरेल, याची त्यांना या वेळी काळजी नव्हती. पण आपली बायको रागावून गेलीय, आणि तिथे गेल्यावर तो राग थंड होईल की आणखी घट्ट होईल, हे सांगणारं यंत्र त्यांच्या दुकानात नव्हतं. सातला दुकान बंद करून ते औषधवाल्याच्या बाकावर जाऊन बसले. औषधवाल्याने विचारलं, "सांगितलंस?" काकांनी मान हलवली. "काय म्हणाल्या?" काकांनी पुन्हा मान हलवली, पण वेगळी.

पावणेनऊला फोन वाजला.

"पोचले," काकूंचा आवाज थकलेला होता.

"त्रास झाला का फार?"

"पाय सुजलेत. बाकी काही नाही. पोर छान आहे, पोट केवढं दिसतंय. जेवलात का?"

"जेवेन."

मग काकू गप्प झाल्या. फोनचे पैसे तिकडे चालू होते आणि त्या गप्प होत्या. काका वाट बघत राहिले. जे काय ऐकवायचं ते आता ऐकवणार, असं त्यांना वाटलं.

"अहो," काकू म्हणाल्या, "फार लांब आहे हो."

"हं."

"खिडकीशी बसवलं होतं मला. समुद्र संपला की डोंगर, डोंगर संपले की परत समुद्र. जेवण झालं, झोप झाली, उठले तरी आपलं विमान चाललंय. शेजारच्या बाईला दोनदा विचारलं, अजून किती. रडायलाच आलं मला. आधी तुमचा राग आला. मग आठवलं, तुम्ही तापात होतात आणि मी म्हणत होते, बोलावू का, संध्याकाळपर्यंत येईल. आणि तुम्हाला सगळं ठाऊक होतं."

काकांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मला आज एक दिवस सोसवेना," काकू म्हणाल्या, "आणि तुम्ही हे पोटात ठेवून पाच वर्षं एकट्याने काढलीत?"

काकांनी "चालायचंच" म्हणायला तोंड उघडलं. त्यांनी फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला आणि ते लहान मुलासारखे रडायला लागले. तिकडून काकू म्हणत होत्या, "असू दे, असू दे, मी ऐकतेय." रस्त्यावरून कोणीतरी औषध घ्यायला पायरी चढत होतं. औषधवाला पुढे झाला, त्याला उद्या ये म्हणाला, आणि दुकानाचं दार लोटून घेतलं.